दादा, पॅकिंग तू नवंच टाकलं होतंस

दादा, उद्या तुझी तेरवी आहे आणि आज सकाळपासून मी तुझ्या गाडीच्या बोनेटखाली वाकून तुला शिव्या घालते आहे. ओसरीत बसलेल्या बायका कुजबुजल्या, सुतकात हे काय चाललंय म्हणून. वहिनी एवढंच म्हणाली, "करू द्या तिले. नुसतं बसून राह्यण्यापेक्षा बरं हाये." मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते बाकीचे बोलतातच आहेत, बारा दिवस झाले. तू किती शांत, किती समजूतदार, कधी कोणाला उलटून बोलला नाहीस. मला तुझ्या त्या न बोलण्याचाच राग आहे आणि आज दुपारनंतर तो दुप्पट झाला आहे.

गोठा रिकामा करायचा होता म्हणून हे सुरू झालं. उद्या आचाऱ्याची भट्टी तिथं लागणार. बैलजोडी विकल्यापासून गोठ्यात तुझी ती जुनी पांढरी गाडी उभी असते आणि पोळ्यापासून ती जागची हललेली नव्हती. शेजारचा गजानन चार माणसं घेऊन आला, ढकलून बाहेर काढू म्हणाला. मी म्हटलं, कोणी हात लावायचा नाही, ती स्वतः चालत बाहेर येईल. गजानन म्हणाला, "ताई, ते बंद पडून राह्यली ना. दादानं लय डोकं लावलं तिच्यात." मी म्हटलं, दादानं डोकं लावलं म्हणूनच बंद पडते. तू गेलास तरी माझी जीभ काही सुधारली नाही.

खरं सांगते, मला गाडी बाहेर काढायची नव्हतीच. मला तुझी चूक सापडायला हवी होती. हातात धरता येईल अशी, चारचौघांना दाखवता येईल अशी. कारण बारा दिवस मी एकच गोष्ट मनात घोकते आहे. तू पॅकिंग नीट टाकलं असतंस, तर त्या दिवशी मागच्या सीटवर आडवा होऊन दवाखान्यात गेला असतास. गजाननच्या मोटारसायकलवर मागे बसून, एका हातानं छाती आणि दुसऱ्या हातानं त्याचा शर्ट धरून गेला नसतास. मी वर्ध्याच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तू स्ट्रेचरवर होतास आणि पायात एकच चप्पल होती. दुसरी सेलूच्या पुढं कुठंतरी रस्त्यात पडली म्हणे. बाकी सगळं मी कोणाला तरी माफ करीन, त्या चपलेचं कोणाला माफ करू ते मला कळत नाही.

आणि ते दोन दिवस. दोन दिवस छातीत दुखत होतं आणि तू ओवा आणि काळं मीठ खात बसलास. "गॅस झाला" म्हणे. साधं डिझेल इंजिन कुरकुरलं तर तू रात्रभर त्याच्याजवळ कान लावून बसायचास, आणि स्वतःच्या छातीला गॅस झाला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायचं होतं, अर्ध्या तासाचा प्रश्न नव्हता. वहिनीला त्या वाक्यानं थोडा धीर आला. मला आला नाही.

आपलं भांडण कोणाला सांगितलं तर हसेल. पोळ्याच्या दोन दिवस आधी तू गाडीचं इंजिन घरीच उघडलंस. हवा आणि पेट्रोल जिथून इंजिनात शिरतं, त्या जोडाचं पॅकिंग खराब झालं होतं, ते तू बदललंस. मी पिपरी मेघेहून पोळ्यासाठी आले तेव्हा अंगणातूनच सांगितलंस, "मने, तुह्या आयटीआयवाल्यायले दाखव, असं काम." पोळ्याच्या दिवशी तू नेहमीसारखी गाडीला झूल घातलीस, बोनेटला बेगड चिकटवलीस आणि बैलांच्या मागे, पोळा फुटतो त्या तोरणाकडे नेलीस. दरवर्षी गाव हसतं, दरवर्षी तू नेतोस. या वेळी तोरणाखाली गाडी उभी केलीस आणि इंजिनाचा आवाज वर जायला लागला, मग खाली, मग वर. मग बंद. चालू केलीस, पुन्हा तेच. गाडी हवा घेत होती, हे कोणीही सांगितलं असतं. कुठंतरी भोक असतं, इंजिन तिथून नको ती हवा ओढतं. पळताना ते जाणवत नाही, उभं राहिलं की त्याला दम धरवत नाही.

मी काय बोलले ते तुला आठवतं. आख्खं गाव उभं असताना बोलले. "जुनंच पॅकिंग उलटं करून परत लावलं असन. मी पोरायले पह्यल्याच दिवशी शिकवते, जुनं पॅकिंग परत लावते तो मेकॅनिक नाई, जुगाडू." लोक हसले. मलाही जरा चढलंच. बावीस वर्षं जिला तू शिकवलंस ती आता तुझ्यापेक्षा शहाणी झाली आहे, हे गावाला दाखवायची संधी मी घेतली. तू दोनच वाक्यं बोललास. "पॅकिंग नवं हाये, मने." आणि थोड्या वेळानं, "ब्रेकही कडक झाला, काऊन तं पाह्य."

मी म्हटलं, ब्रेकचं नंतर पाहू, आधी पॅकिंग कबूल कर.

तू किल्ली खिशात टाकलीस. संध्याकाळच्या एसटीनं मी परत गेले. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पहिल्यांदाच आले नाही. तू बोलावलं नाहीस, मी आले नाही. वहिनीचा फोन आला, तिला मी सांगितलं की आयटीआयत परीक्षा आहेत. परीक्षा नव्हत्या. तीन आठवडे आपण दोघं अडून बसलो, आणि मग गजाननचा फोन आला.

तर आज. बोनेट उघडून मी सगळ्यात आधी पॅकिंगकडेच गेले. बाटलीत साबणाचं पाणी केलं, वहिनीला गाडीत बसवून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि जोडावर चारही बाजूंनी पाणी मारलं. गळत असेल तर फेस आत ओढला जातो, आवाज बदलतो. काही नाही. पुन्हा मारलं. फेस आरामात बसून राहिला, जणू मला हसतो आहे. मी पान्यानं नट तपासले, सगळे सारखे आवळलेले. जोडाच्या कडेनं नव्या पॅकिंगचा करडा रंग दिसत होता. तरी माझी खात्री होईना. मग सहज मान वर केली, तर जिथं पूर्वी बैलांच्या घंटा टांगायचास त्या खिळ्याला जुनं पॅकिंग लटकत होतं. काळं पडलेलं, एका कोपऱ्याला फाटलेलं. तू कधी काही फेकत नाहीस. मी ते खिळ्यावरून काढलं, पाहिलं आणि पुन्हा लावून ठेवलं. उघडं बोनेट मधे होतं म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड पाहून वहिनीला काय ते समजलं असतं.

मग एकेक नळी घेतली. पकडीनं हळूच दाबायची, ज्या नळीला दाबल्यावर इंजिन शांत होईल तीच चोर. हे मी वर्गात शिकवते, पण पुस्तकातून नाही शिकले. विहिरीवरच्या इंजिनावर तू शिकवलंस. तू आधी कुठली तरी एक गोष्ट बिघडवून ठेवायचास, एखादा नट सैल, एखाद्या नळीत चिंधी, आणि मला बोलवायचास. "हुडक." बस, एवढंच. मी नऊ वर्षांची होते. मी रडायचे, चिडायचे, तुला दगड मारायचे. तू बांधावर बसून बिडी ओढायचास आणि काहीच सांगायचा नाहीस. सापडलं की म्हणायचास, "मले कायले इचारत होती मंग." बाबांना मला नर्सिंगला घालायचं होतं. तू त्यांच्याशी एका शब्दानं भांडला नाहीस. मला सायकलवर बसवून वर्ध्याला नेलंस आणि मोटार मेकॅनिकचा फॉर्म भरून आलास. बाबांना कळलं तेव्हा फी भरून झाली होती. आज मी जी काही आहे ती त्या सायकलवर बसले म्हणून आहे. हे तुला मी कधी म्हटलं नाही. तूही म्हणू दिलं नसतंस.

पहिली नळी, काही नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. आता उरली ती मागची जाड नळी, इंजिनातून ब्रेककडे जाणारी. तिच्याकडे हात नेता नेता मला तुझं वाक्य आठवलं. ब्रेकही कडक झाला, काऊन तं पाह्य.

दादा, ब्रेक हलका लागतो तो त्याच नळीतल्या ओढीनं. नळी फाटली की गाडी हवा घेते आणि ब्रेक कडक होतो, दोन्ही एकदम. दुसऱ्या सहामाहीतलं पोरगंही हे सांगेल. तू तोरणाखाली मला उत्तरच सांगितलं होतंस, आणि मी, जी पगार घेऊन हे शिकवते, मी म्हटलं नंतर पाहू.

पकडीनं दाबलं आणि इंजिन एकदम शांत झालं. इतकं शांत की गाडीत बसलेली वहिनी दचकली, बंद पडलं का म्हणून विचारलं तिनं. मी इंजिन बंद करायला लावलं आणि नळी काढून उलटी केली. खालच्या बाजूला बोटभर लांब चीर होती. आणि चिरेच्या आत पिवळं होतं. हळद. तुपात घट्ट झालेली हळद.

हे तुला लिहिताना मला दुःख नाही, राग येतो आहे.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण गाडीची खांदशेकणी केली. बैल होते तेव्हा त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचो, तसं. बैल गेले, तू ते गाडीला करायला लागलास. गाडीचा खांदा कोणता यावर आपला दरवर्षी वाद. मी म्हणायचे बोनेट. तू म्हणायचास, ओझं इंजिनावर येतं, तर खांदा आतच असणार. या वर्षी तू तुपाची वाटी माझ्या हातात दिलीस. "तू लाव, तू डॉक्टर हायेस तिची." मी लावलं. मागची ती जाड नळी अगदी जू ठेवायच्या जागेसारखी आडवी होती, म्हणून तिच्यावर मी तळहात दाबून दाबून तूप जिरवलं, बैलाच्या खांद्यावर चोळायचे तसं. जुनं, वाळून कडक झालेलं रबर. ते दाबायचं नसतं हे मला माहीत आहे. ते त्याच वेळी खालून फाटलं असणार आणि माझ्याच हातानं तूप त्यात शिरलं. मग बैलांना पोळ्याचं आवतण द्यायचो तसं, पळसाचं पान लावून मी गाडीला म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. तू हसलास. दुसऱ्या दिवशी गाडी हवा घ्यायला लागली आणि मी गावासमोर तुला जुगाडू म्हटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी स्वतःवर चिडले असते आणि तुझ्यावरचा राग थोडा कमी झाला असता. पण तू थांबू देशील तर ना. तुपाचे हात पुसायला चिंधी शोधत मी गाडीतला समोरचा कप्पा उघडला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी जाड नळी. नालवाडीच्या दुकानात मिळते तीच. सोबत दोन पट्ट्या. आणि नळी बरोबर मापात कापलेली, जुनीच्या शेजारी ठेवली तर केसाचाही फरक नाही.

मी वहिनीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

"कधी आणली?"

"करीच्या दुसऱ्या दिवशी. पोळा झाल्याबरोबर हुडकलं त्यायनं. मले असंच बसवलं होतं गाडीत."

"मंग लावली काऊन नाई?"

ती पदरानं स्टिअरिंग पुसत राहिली. मग म्हणाली, "मी म्हटलं ना त्यायले. लावा आन मोकळे व्हा. तं म्हणे, मनी येईन तवा तिलेच हुडकू दे. तिच्याच हातानं लागली पाह्यजे. गाडीले कोणी हात लावजो नका."

"आन फाटली कशी ते?"

"तेही समजलं होतं त्यायले. हळद दिसली ना. मले म्हणे, हे कोणाले सांगजो नको. पोरायले शिकवते ना ते, लोकं हसतीन तिले."

लोक हसतील मला. तुला हसले ते चाललं. तीन आठवडे गावात जुगाडू म्हणून फिरलास आणि खिशात उत्तर घेऊन फिरलास. दादा, हा काय मोठेपणा आहे? कोणी मागितला होता? नऊ वर्षांच्या पोरीबरोबर खेळायचा खेळ तू बावन्नाव्या वर्षी माझ्याबरोबर खेळलास. बिघाड तसाच ठेवलास आणि बांधावर बसून वाट पाहिलीस. मी येईन, शोधीन, माझं मलाच कळेल आणि तू म्हणशील, मले कायले इचारत होती मंग. फक्त या वेळी तू हुडक म्हणायला विसरलास. फोन उचलून तेवढा एक शब्द बोलला असतास तर मी पहिल्या एसटीनं आले असते. चिडत आले असते, पण आले असते. दहा मिनिटांचं काम होतं. नळी कप्प्यात होती, गाडी गोठ्यात होती, आणि तू मोटारसायकलवर एका चपलेनं गेलास.

आणि मी? मी तरी फोन केला का? मला तर काही गुपित राखायचं नव्हतं. मला फक्त जिंकायचं होतं. हे मी तुला सांगते आहे कारण आता तू ते कोणाला सांगणार नाहीस. नाहीतरी सांगितलं नसतंसच.

वहिनी म्हणाली, "तुमचा दोघायचा हट्ट सारखाच होता, बाई. मी मधात मेली." तिच्यावर चिडायला मला जागा नाही.

मी नवी नळी लावली. पट्ट्या आवळल्या. एकदा आवळल्या, मग सोडल्या आणि पुन्हा आवळल्या, तू करतोस तशा. वहिनीनं किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं. वर नाही, खाली नाही. एका सुरात. ओसरीतल्या बायका उठून पाहायला आल्या. गजानन अंगणातून आला आणि म्हणाला, "काय होतं ताई? पॅकिंगच ना?"

तू तोंड मिटून मला वाचवलंस, आता मीही मिटावं असं तुला वाटलं असेल. नाही मिटलं. मी ती फाटलेली नळी त्याच्या हातात दिली, चीर उघडून हळद दाखवली आणि अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पॅकिंग नवं होतं. दादाचं काम बरोबर होतं. नळी माह्या हातानं फाटली." कोणी हसलं नाही. तुला वाटलं होतं तसे लोक नाहीत रे. किंवा आज हसायची त्यांची हिंमत झाली नसेल. सोमवारी मी ही नळी वर्गात नेणार आहे आणि पोरांना सांगणार आहे, कोणाच्या हातानं फाटली ते.

गाडी मी स्वतः चालवत बाहेर काढली आणि लिंबाखाली लावली. ब्रेक अगदी हलका लागला. मग वहिनीकडून वाटीत हळद-तूप मागून घेतलं. तिनं विचारलं नाही कशाला. आत कुठंही लावलं नाही, घाबरू नको. बोनेटवर लावलं, बाहेरून, हलक्या हातानं. खांदा तोच आहे, मी पहिल्यापासून सांगत होते. यावर तुला काही म्हणायचं असेल तर तोंड उघडून म्हण, आता मी गप्प बसणाऱ्या माणसाचं ऐकून घेणार नाही.

उद्या अंगणात तुझ्या नावाची पंगत आहे. पहिलं पान तुझं, घास बाहेर ठेवायचा, सगळं रीतीप्रमाणे. पण रीतीनं बोलावणारे दुसरे आहेत. मी तुपाचा हात बोनेटवर ठेवून बोलावते आहे. त्या तीन आठवड्यांत फोनवर बोलवायला हवं होतं, तेव्हा बोलावलं नाही.

आज आवतण घे, दादा. उद्या जेवाले ये.